२०२४ ची पॉप सिंगल्स : कसोटी शेवटच्या मिनिटाची

पॉप गाण्याची पहिली पंधरा सेकंदे हल्ली बहुतेकांना साधतात, कारण तेवढ्यात कान पकडला नाही तर ऐकणारा पुढच्या गाण्याकडे वळतो. म्हणून २०२४ मधील गाजलेली सिंगल्स, म्हणजे सुटी प्रसिद्ध झालेली गाणी, पुन्हा ऐकताना मी त्यांचे शेवट तपासत गेलो. या कसोटीवर अमेरिकन गायिका चॅपेल रोनचे एप्रिलमध्ये आलेले ‘गुड लक, बेब!’ माझ्या मते सर्वांत सरस ठरते.

स्त्रीवर जडलेले आपले प्रेम नाकारणाऱ्या प्रेयसीला उद्देशून हे गाणे आहे. ध्रुवपदात आवाज लीलया वर चढतो, आणि तेथपर्यंत सारे रीतसर आहे. पण पुढे, काही वर्षांनी नवऱ्याशेजारी मध्यरात्री जाग आलेल्या तिचे चित्र रंगवताना रोन जवळजवळ ओरडते, आणि अखेरीस, वॉकमनचे सेल उतरू लागल्यावर कॅसेट रेंगाळावी, तशी लय आणि सूर दोन्ही जड होत खाली बसतात. शुभेच्छेतला टोमणा शब्दांपेक्षा या घसरणीत अधिक बोचतो.

कुजबुजत गाण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या बिली आयलिशने ‘बर्ड्स ऑफ अ फेदर’मध्ये खुला आवाज उत्तरार्धासाठी राखून ठेवला आहे, आणि भाऊ फिनियसची संयत वाद्ययोजना त्याला जागा करून देते. सबरीना कारपेंटरचे ‘एस्प्रेसो’ तीन मिनिटांच्या आत आटोपते. त्याच्या ध्रुवपदाचे व्याकरण इंग्रजीच्या बाईंनी लाल शाईने खोडले असते, परंतु नेमके तेच तोंडात बसते. शेवट असा काही नाही, गाणे नुसते थांबते.

लेडी गागा आणि ब्रूनो मार्स यांच्या ‘डाय विथ अ स्माइल’ला ग्रॅमी मिळाले आणि दोघांचे गळेही कमालीचे तयार आहेत, तरी पहिल्या कडव्यातच पुढचे सगळे कळून चुकते. त्याच मार्सने ब्लॅकपिंक या कोरियन गायिकासमूहातील रोझेबरोबर ऑक्टोबरमध्ये आणलेल्या ‘एपीटी’त मात्र मला अधिक मौज वाटली. अपार्टमेंटसाठीच्या कोरियन शब्दावरून हे शीर्षक आले आहे, आणि त्यामागे मद्यपानाच्या बैठकीत एकावर एक हात रचून मजले मोजण्याचा खेळ आहे. येथे माझी कसोटी गैरलागू ठरते, कारण खेळातली आरोळी शेवटच्या डावापर्यंत तीच राहावी लागते.