गुडघ्याची गादी फाटली: दुर्बीण की व्यायाम?

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत उकिडवं बसून राबणाऱ्या बायकांचे गुडघे चाळिशीतच बोलू लागतात. एमआरआयमध्ये ‘गादी फाटली’ (म्हणजे गुडघ्याच्या हाडांमधली कूर्चेची चकती, मेनिस्कस) असं आलं की घरात चर्चा सुरू होते: नाशिकला जाऊन दुर्बिणीचं ऑपरेशन करायचं की फिजिओथेरपी?

वयानुसार झिजून फाटलेल्या गादीसाठी माझं मत स्पष्ट आहे, आधी व्यायाम. फिनलंडमध्ये १४६ रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्यांची फाटलेली गादी दुर्बिणीने छाटली, बाकीच्यांच्या गुडघ्यात दुर्बिणीने फक्त पाहिलं, छाटल्याचं नुसतं नाटक केलं. कोणाचं काय केलं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. वर्षभराने दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं होतं! हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं.

व्यायामही सगळ्यांना पुरतो असं नाही. त्याच वर्षीच्या अमेरिकेतल्या ३५१ जणांच्या अभ्यासात फिजिओथेरपी घेणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्के लोक सहा महिन्यांत ऑपरेशनकडे वळले.

एक साधा व्यायाम असा: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने खाली दाबायची, मांडी आवळून पाच आकडे मोजायचे. हे रोज, काही महिने करावं लागतं. द्राक्षछाटणीच्या हंगामात तेवढी सवड घरच्यांनी काढून द्यायला हवी.

गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल, किंवा तरुणपणी पडून ताजी दुखापत झाली असेल, तर मात्र थांबू नका, अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.