बार्बेक्यू स्पर्धेत उरलेल्या अन्नाची जबाबदारी घेणारी नाशिकमधील एक सेवा

बार्बेक्यूच्या स्पर्धेत अन्न उरते ते कोणाच्या निष्काळजीपणामुळे नव्हे. स्पर्धेची रचनाच तशी असते. अमेरिकेतील कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांमध्ये एका टेबलावर सहा परीक्षक बसतात आणि प्रत्येक संघाने पाठवलेल्या डब्यात त्या सहा जणांना पुरतील असे किमान सहा तुकडे असावे लागतात. त्या सहा कापांसाठी मात्र पाच-सहा किलोंचे अख्खे ब्रिस्केट, म्हणजे गोमांसातील छातीचा मोठा तुकडा, रात्रभर धुरावर ठेवावे लागते, आणि एक बिघडले तर हाताशी दुसरे असावे म्हणून पुष्कळ संघ दोन ठेवतात. परीक्षकही प्रत्येक तुकड्याचे एक-दोन घासच खातात, कारण त्यांना पुढचे अनेक डबे चाखायचे असतात. उरलेले ते सोबत आणलेल्या बर्फाच्या पेटीतून घरी नेतात. तरीही संघांच्या तंबूंत जे राहते ते परीक्षकांसमोर गेलेल्या अन्नाच्या कितीतरी पट असते.

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील एका शेतघराच्या आवारात आमच्या परिसरातील निवासी संकुलांच्या मंडळांनी मिळून जी हौशी स्पर्धा भरवली, तिचे गणित याहून वेगळे नव्हते. तंगडी, मटणाचे सीख कबाब, पनीर आणि भाज्या असे चार गट होते, प्रत्येक गटाला परीक्षकांसाठी मोजके तुकडे लागणार होते, आणि प्रत्येक संघाने पाहुण्यांचा अंदाज धरून त्याच्या दुप्पट माल मसाल्यात मुरवून आणला होता. उरलेल्या अन्नाची व्यवस्था आम्ही ज्या सेवेकडे सोपवली, तिचे हे परीक्षण आहे. ही सेवा केटरिंगचा लहान व्यवसाय करणारे एक कुटुंब चालवते. त्यांच्याकडे एकच टेम्पो आहे आणि लग्नसराईत आलेल्या प्रत्येक फोनला होकार देणे त्यांना शक्य नसते, म्हणून नाव जाहीर करू नये अशी त्यांची विनंती आहे व ती मी पाळतो. त्यांची पद्धत मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ती दुसऱ्या कोणालाही उचलता येईल.

आधीच्या एका कार्यक्रमात आम्ही वेगळ्या मंडळींना बोलावले होते. ती रात्री उशिरा आली, सगळे उरलेले अन्न मोठ्या टोपांमध्ये एकत्र ओतले, पनीर आणि चिकन यांचाही भेद ठेवला नाही, आणि ते कोठे नेले हे विचारल्यावर त्यांनी नीट उत्तरही दिले नाही. त्यांचा हेतू चांगलाच असेल. परंतु ज्याच्या ताटात ते पडणार होते त्या माणसाचा विचार त्यात कोठेही नव्हता, आणि ही गोष्ट मला आजही खुपते.

या सेवेचे पहिले वेगळेपण म्हणजे तिची माणसे स्पर्धा संपल्यावर नव्हे, तर शेगड्या पेटण्याच्या सुमारास मैदानावर हजर होती. काम पाहणाऱ्या ताईंनी सर्वांत आधी एका पेल्यात चुरलेला बर्फ आणि थोडे पाणी घेऊन त्यात सुईसारख्या टोकाचा थर्मामीटर बुडवला, तो शून्य अंश दाखवतो याची खात्री केली, आणि मगच तो पुसून खिशात ठेवला. शाकाहारी पदार्थांसाठी हिरवी पट्टी गुंडाळलेला दुसरा थर्मामीटर होता आणि तो दिवसभरात एकदाही चिकनजवळ गेला नाही. त्यानंतर त्या प्रत्येक संघाकडे जाऊन एकच गोष्ट सांगत होत्या: जे निखाऱ्यावरून उतरवाल त्याच्या ट्रेवर उतरवल्याची वेळ लिहा. त्यासाठी त्यांनी चिकटपट्टीचे रोल आणि पेनही वाटले.

या चिठ्ठीवरच पुढचे सारे अवलंबून असते. शिजलेले अन्न साठ अंश सेल्सिअसच्या वर गरम राहिले किंवा पाच अंशांच्या खाली थंड राहिले तर जंतूंची वाढ रोखली जाते. या दोहोंच्या मध्ये ते जितका वेळ राहील तितका धोका वाढतो. आपल्याकडे सर्रास म्हटले जाते की पुन्हा एक उकळी आणली की झाले. हे खरे नाही. हाताळताना अन्नात गेलेले स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू उष्णतेने मरतात, पण त्यांनी तोवर तयार केलेले विष उकळण्याने नष्ट होत नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे बीजाणू तर मांस शिजवतानाही तग धरतात आणि मोठ्या टोपात हळूहळू निवणाऱ्या रश्श्यात पुन्हा वाढू लागतात. नाशिकच्या थंडीत उघड्यावर ठेवलेले मटण हाताला गार लागते, म्हणून ते सुरक्षित आहे असा समज होतो. परंतु रात्रीची बारा-तेरा अंशांची हवा म्हणजे शीतकपाट नव्हे, आणि खोलगट भांड्याच्या मध्यभागी तर अन्न कितीतरी वेळ कोमट राहते.

त्यामुळे या सेवेची खरी परीक्षा तिने काय घेतले यापेक्षा काय नाकारले यातून झाली. एका संघाकडे सीख कबाबांचा मोठा ट्रे शिल्लक होता. रंग सुरेख, वास उत्तम, आणि बनवणारे गृहस्थ मनापासून देऊ इच्छित होते. “ताई, एवढा चांगला माल आहे, घेऊन जा ना,” असे ते पुनःपुन्हा म्हणत होते. ताईंनी एका जाड कबाबाच्या मध्यात सुई खुपसली, आकडा अडतीसवर येऊन थांबला, ट्रेवर चिठ्ठी नव्हती. “काका, चवीबद्दल शंकाच नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या, “पण हे कधी उतरवले ते तुम्हालाही आठवत नाही, मग मी कोणाच्या लेकराला कसे देऊ?” त्या गृहस्थांना वाईट वाटले, पण ते रागावले नाहीत, पुढचा ट्रे त्यांनी वेळ लिहूनच आणला.

असेच दुसरे प्रश्न त्यांनी विचारले, जे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नव्हते. तंगडीवर शेवटी तूप-मसाल्याचा हात फिरवताना कोणता ब्रश वापरला, कच्च्या चिकनच्या मसाल्यातला की वेगळा? कच्चे मांस उचलणारा चिमटाच भाजलेल्या मांसाला लागला का? ज्या दोन संघांनी कच्च्या मसाल्यातलाच ब्रश शेवटपर्यंत फिरवला होता, त्यांची तंगडी पुन्हा निखाऱ्यावर चढवून, हाडाला सुई न लागू देता सर्वांत जाड भागाचे तापमान पंचाहत्तर अंशांवर गेलेले पाहूनच घेण्यात आली. परीक्षकांच्या टेबलावरचे काहीही त्यांनी घेतले नाही, न उष्टावलेले तुकडेसुद्धा नाही, कारण ते डबे तासन् तास उघडे पडले होते. दह्याची चटणी, कापलेला कांदा आणि कोशिंबीरही नाकारण्यात आली.

घेतलेले अन्न ज्या हॉट बॉक्समध्ये, म्हणजे उष्णता टिकवणाऱ्या बंद पेट्यांत, ठेवले जाते ते आधी उकळते पाणी भरून तापवलेले असतात. स्टीलचे उथळ ट्रे, घट्ट झाकणे, शाकाहारी पेटी वेगळी आणि टेम्पोत वरच्या फळीवर. प्रत्येक ट्रेवर पदार्थाचे नाव, उतरवल्याची वेळ, घेतानाचे तापमान आणि कोणत्या वेळेच्या आत खावे, हे मराठीत व हिंदीत लिहिलेले असते. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे उरलेल्या अन्नाच्या वाटपासंबंधीचे 2019 चे विनियम 1 जुलै 2020 पासून लागू आहेत आणि असे अन्न विनामूल्यच वाटायचे असते. या कुटुंबाने आपली नोंदणी आम्ही न मागता दाखवली. ज्या संस्थेला तुम्ही अन्न सोपवणार असाल तिच्याकडे ती अवश्य मागावी. अमेरिकेत 1996 च्या एका कायद्याने सद्भावनेने अन्नदान करणाऱ्याला दायित्वापासून संरक्षण दिले आहे, परंतु घोर निष्काळजीपणाला तेथेही माफी नाही.

अन्न कोठे जाते, याबाबत ही सेवा मला सर्वांत अधिक पटली. पाथर्डी फाट्याकडे काम चालू असलेल्या इमारतींवरील मजुरांच्या मुकादमाला दुपारीच फोन झाला होता: किती माणसे आहेत, त्यांतले किती मांसाहार करतात, लहान मुले किती, तिखट चालेल का. पेठ आणि सुरगाण्याकडून द्राक्षाच्या हंगामात कामाला येणारी कुटुंबे एका मळ्यावर उतरलेली होती, त्यांच्याकडेही विचारणा झाली. पंचवटीत रामकुंडाच्या परिसरात फक्त पनीर आणि भाज्यांची पेटी गेली, आणि तीही मांसाहारी फेरी सुरू होण्यापूर्वी, धुतलेल्या टेम्पोतून. समोरच्याला विचारल्याशिवाय ट्रे उघडायचा नाही, हा त्यांचा नियम आहे. गरजू माणसाला आवड-निवड नसते, असे गृहीत धरणाऱ्या दानाचा मला नेहमीच राग येतो, आणि येथे ते गृहीतक नव्हते.

उरते ते हाडे, सळ्या, राख आणि नाकारलेले अन्न. भाजलेल्या कोंबडीची हाडे ठिसूळ होऊन टोकदार फुटतात आणि कांदा-लसूण कुत्र्यांना अपायकारक असतो, म्हणून भटक्या कुत्र्यांना काहीही टाकू नका, असे त्यांनी ध्वनिक्षेपकावरून सांगायला लावले. विझलेली वाटणारी राख पत्र्याच्या डब्यात दुसऱ्या दिवसापर्यंत राहू दिली, कारण आतला एखादा निखारा घंटागाडीतल्या सुक्या कचऱ्याला आग लावायला पुरेसा असतो. ओला कचरा वेगळा बांधून दिला. हे काम त्यांच्या करारात नव्हते, तरी त्यांनी करून घेतले.

तक्रारीही आहेत. दही-चटणी आणि कोशिंबीर घेणार नाही हे आधी कळवायला हवे होते. संघांनी ती खास वेगळी काढून ठेवली होती आणि ऐन वेळी नकार मिळाल्याने ती वाया गेली. नोंदवही पेन्सिलीने लिहिलेली असते आणि तिची प्रत मागितल्यावरच मिळते. आयोजकाला ती त्याच रात्री आपसूक मिळायला हवी, कारण पुढे कोणाला त्रास झाल्यास तेवढाच कागद उपयोगी पडणार. सर्वांत मोठी अडचण टेम्पोची. पंचवटीची फेरी संपवून तो परत येईपर्यंत शेवटच्या दोन हॉट बॉक्सना थांबावे लागले, आणि निघताना त्यांतील एका ट्रेचे तापमान साठच्या जेमतेम वर होते. ताईंनी तो ट्रे पुन्हा शेगडीवर चढवला, हे योग्यच झाले. पण निखारे तोवर विझले असते तर तो ट्रे टाकावा लागला असता.

डिझेल आणि दोन माणसांची मजुरी एवढे पैसे ते घेतात व ते आगाऊ मागतात. काही सभासदांना हे खटकले, “सेवा आहे तर पैसे कशाला” असे त्यांचे म्हणणे पडले. मला ते अजिबात मान्य नाही. मांडववाल्याला आणि ध्वनिक्षेपकवाल्याला आपण निमूट पैसे देतो, मग रात्री अकरापर्यंत उभे राहून प्रत्येक ट्रेत सुई खुपसणाऱ्या माणसांनीच फुकट राबावे, अशी अपेक्षा का ठेवावी?

त्यांनी दिलेली एक सूचना मात्र या साऱ्याहून मोलाची आहे. प्रत्येक संघाने उरेल ते देण्याऐवजी शेवटची खेप मुद्दाम त्यांच्यासाठी भाजावी, म्हणजे मसाला लावून ठेवलेले कच्चे चिकन स्पर्धकाच्या डब्यात शिळे होत नाही आणि निखाऱ्यावरचे अन्न थेट तापलेल्या हॉट बॉक्समध्ये जाते. मे 2011 मध्ये मिसुरी राज्यातील जॉप्लिन शहरात टॉर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखे विध्वंसक वादळ, आले, तेव्हा अमेरिकेतील स्पर्धक संघ धुरावर मांस शिजवण्याच्या आपल्या भट्ट्या गाड्यांना जोडून तेथे गेले आणि त्यांनी काही दिवसांतच एक लाख वीस हजारांहून अधिक जेवणे पुरवली. त्यातूनच ऑपरेशन बार्बेक्यू रिलीफ ही संस्था उभी राहिली. तेथेही उरलेले अन्न वाटले गेले नव्हते, तर स्पर्धेसाठी जमवलेली साधने आणि अंगी आलेले कौशल्य वापरून लोकांसाठी ताजे अन्न शिजवले गेले होते. आमच्या मैदानावर ज्या तीन संघांनी ही सूचना मानली, त्यांचा एकही ट्रे नाकारला गेला नाही.

नाशिकमध्ये अशी स्पर्धा भरवू पाहणाऱ्यांना मी ही सेवा, किंवा याच शिस्तीने काम करणारी दुसरी कोणतीही, निःसंकोच सुचवीन. फक्त फोन स्पर्धेच्या आदल्या दिवशी नव्हे, तर नियमावली ठरवतानाच करावा. ट्रेवर वेळ लिहिणे आणि शेवटची खेप वेगळी भाजणे हे आम्ही आता स्पर्धेच्या नियमांतच घातले आहे, आणि दुसऱ्या टेम्पोचे भाडे प्रवेशशुल्कात धरले आहे.