घुबडाच्या पेलेट्स की पिंजरे? सवानात उंदीर मोजायला जाताय त्यांच्यासाठी

आफ्रिकेतल्या सवानात प्रोजेक्ट करायचा म्हटलं की सगळ्यांना सिंह-हत्ती दिसतात, पण उंदीर, चिचुंद्र्या, जर्बिल (उंदराच्याच गटातला छोटा प्राणी) यांच्यावर काम करणाऱ्यांचा पहिला प्रश्न वेगळाच असतो: पिंजरे लावायचे की घुबडं बसतात त्या जागेखालच्या पेलेट्स, म्हणजे त्यांनी तोंडातून टाकलेले केस-हाडांचे गोळे, वेचायच्या? माझं मत आधीच सांगून टाकते. एकच सीझन हातात आहे आणि पैसे बेताचे आहेत तर पेलेट्स. पण तुमचा प्रश्न "जमिनीच्या या तुकड्यात उंदीर किती" असा असेल तर घुबडाच्या नादी लागू नका.

पेलेट म्हणजे विष्ठा नव्हे, हे अजूनही सांगावं लागतं (मी घरी वर्तमानपत्रावर एक फोडत बसले होते तेव्हा आईने मला चहा दारातूनच दिला). गव्हाणी घुबड उंदीर बहुतेक वेळा अख्खा गिळतं, मांस पचवतं आणि केस-हाडांचा गोळा तोंडातून टाकतं, दिवसाला साधारण एक-दोन. शिकारी पक्ष्यांमध्ये घारी-ससाण्यांच्या पोटातलं आम्ल जास्त कडक असतं त्यामुळे त्यांच्याकडे हाडांची वाट लागते, पण गव्हाणी घुबडाकडून कवटी दातांसकट मिळते. आणि उंदरांच्या दुनियेत दात म्हणजे आधार कार्डच. जर्बिलच्या वरच्या पुढच्या दातांवर उभी खाच असते, व्लेई रॅट नावाच्या आफ्रिकी उंदराच्या दाढा पातळ पट्ट्या एकाला एक चिकटवल्यासारख्या दिसतात, चिचुंद्रीचा जबडा तर उंदराशी जुळतच नाही, एकदा डोळा बसला की पटापट वेगळं करता येतं.

आपल्याकडे देवळाच्या शिखरात किंवा पडक्या वाड्यात राहतं त्याचंच हे आफ्रिकेतलं भावंड, आता बरेच तज्ज्ञ दोघांना वेगळ्या जाती धरतात ते सोडा. तिकडे ते खडकांच्या कपारीत, झाडाच्या ढोलीत, पडीक इमारतीत आणि हॅमरकॉप नावाच्या पक्ष्याच्या अवाढव्य घरट्यातसुद्धा बसतं. एकदा अशी जागा सापडली की शेकडो उंदरांच्या कवट्या एका पिशवीत, तेही एकही प्राणी न मारता, न पकडता. शर्मन पिंजऱ्यात (उंदीर जिवंत पकडायचा धातूचा डबा) जे सहसा येत नाहीत तेही इथे निघतात, इवलुशा चिचुंद्र्या, कधी जमिनीखाली राहणारे गोल्डन मोल वगैरे. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेर्कफाँटेन, स्वार्टक्रान्सच्या गुहांमध्ये लाखो वर्षांपूर्वीच्या उंदरांची जी हाडं मिळतात त्यातली बरीचशी घुबडांनीच आणून टाकलेली मानतात, म्हणजे ही पद्धत आपल्या आधी घुबडांनीच सुरू केलेली.

आता खोट कुठे आहे ते. घुबड जनगणनेला निघालेलं नसतं, पोट भरायला निघालेलं असतं. रात्री फिरतं, त्यामुळे दिवसा धावणारे गवतातले पट्टेवाले उंदीर त्याच्या पेलेटमध्ये कमी येतात. फार मोठा प्राणी त्याला झेपत नाही. शिवाय ते शिकार कुठून आणतं? शेतातून की काटेरी झुडपातून, ते पेलेट सांगत नाही, काही किलोमीटरचा परिसर एका गोळ्यात मिसळलेला असतो.

हीच गोष्ट पिंजऱ्याला नेमकी जमते. केनियात म्पाला संशोधन केंद्रात १९९५ पासून कुंपणं घालून हत्ती-जिराफ, झेब्रे, गुरं यांना निरनिराळ्या तुकड्यांतून बाहेर ठेवण्याचा प्रयोग चालू आहे. तिथे पर्यावरणशास्त्रज्ञ फेलिशिया कीसिंग यांनी पिंजरे लावून दाखवलं की मोठे प्राणी बाहेर ठेवले तर आत गालात पिशव्या असणाऱ्या पाउच्ड माऊसची संख्या जवळपास दुप्पट होते. घुबडाला कुंपण कळत नाही, त्यामुळे पेलेट्सवरून हे कधीच दिसलं नसतं.

पण पिंजऱ्यांचा खर्च आणि मनस्ताप बघा. शंभर पिंजरे, दहा-दहा मीटरवर, पीनट बटर आणि ओट्सचं आमिष, संध्याकाळी लावायचे, उजाडताच तपासायचे कारण ऊन चढलं की अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात प्राणी भाजतो आणि थंडी असेल तर चिचुंद्री सकाळपर्यंत टिकत नाही. मुंग्या आमिष खातात, बबून डबे उचलून फेकतात, हत्ती पाय देतो. चिचुंद्र्या हव्या असतील तर जमिनीत बादल्या पुरून वेगळी सोय करावी लागते. परवानग्याही जास्त, टांझानियात कॉस्टेक (विज्ञान-तंत्रज्ञान आयोग) आणि तावीरी (वन्यजीव संशोधन संस्था) यांच्याकडे आधी जा. पेलेट्सनाही राखीव क्षेत्रात परवानगी लागते हो, पण जिवंत प्राणी हाताळायचा नसल्याने कागदं तुलनेने हलकी.

मल्टिमॅमेट माऊस या आफ्रिकेत सर्रास आढळणाऱ्या उंदराबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल कारण दोन्ही पद्धतींना तो गुंडाळून ठेवतो. मादीला २४ पर्यंत स्तनाग्रं, एका वेळी दहा-बारा पिल्लं सहज. टांझानियात मोरोगोरोच्या आसपास पावसाचं वेळापत्रक बदललं की याची संख्या उसळते आणि शेतं फस्त होतात. अशा वर्षी पिंजरे रातोरात त्यानेच भरून जातात, बाकीच्यांना जागाच नाही, आणि पेलेट्समध्येही तोच तो. त्यात त्याच्या नटालेन्सिस आणि कूचा या दोन जाती बाहेरून एकसारख्या, गुणसूत्रं ३२ आणि ३६ असा फरक, त्यामुळे नुसत्या कवटीवरून जात ठरवणं धोक्याचं आहे. जिवंत पकडला तर कानाचा इवलासा तुकडा डीएनएसाठी मिळतो. पश्चिम आफ्रिकेत मात्र यातला नटालेन्सिस लासा ताप या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा वाहक आहे, १९६९ मध्ये नायजेरियातल्या लासा गावावरून नाव पडलं, तिकडे पकडायचं असेल तर हातमोजे-मास्क वगैरे सोय नसताना हात लावू नका. पेलेट्सनाही हातमोजे हवेतच, आणि आधी ओव्हनमध्ये तापवून घ्या, किडे आणि जंतू जातात.

पेलेट्स ठरवल्या असतील तर एक करा: पहिल्या फेरीत जुना ढीग सगळा उचलून वेगळ्या पिशवीत "तारीख नाही" लिहून ठेवा, खाली स्वच्छ जागा करा आणि मग दर महिन्याला या. घुबड कुठलं तेही लिहा. व्हेरो ईगल-आऊलसारखं मोठं घुबड हेजहॉगसुद्धा खातं आणि मोठी शिकार फाडून खातं, त्याचे तुकडे आणि गव्हाणीच्या कवट्या एकाच पिशवीत गेल्या की कोणाच्या पोटातलं काय ते परत वेगळं करता येत नाही.