नॉर्थ ईस्टची ग्रुप टूर: जेवण झकास, उजेडाचं मात्र बघा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईला घेऊन मेघालय-आसामची ८ दिवसांची ग्रुप टूर करून आले, आपल्याकडच्याच एका टूरवाल्यांबरोबर. नाव लिहीत नाही, कारण त्यांचा टूर लीडर खरंच गुणी पोरगा होता, उगाच त्याला बोलणी बसायची. पण पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहितेय.

आधी चांगलं सांगते. आई-वडील साठीच्या पुढचे असतील तर डोळे झाकून पाठवा. सामान थेट रूमपर्यंत, गुडघेदुखीवाल्यांना न मागता तळमजल्यावरच्या रूम्स, गाडीत रोज सीट रोटेशन त्यामुळे भांडणं नाहीत (एक काका पहिल्या दिवशी पुढच्या सीटवर रुमाल टाकून बसले होते, त्यांना पण पोराने हसत हसत उठवलं). आणि जेवण तर विचारू नका, महाराज बरोबरच होते, गुवाहाटीत पोचल्या पोचल्या गरम वरणभात, शिलाँगच्या थंडीत मसालेभात आणि कढी, एक दिवस तर चक्क थालीपीठ.

आता माझी पहिली कुरकुर हीच. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला जायचं आणि आठही दिवस मसालेभातच खायचा? जादोह म्हणजे तिथला मांस घालून केलेला भात, तो सगळ्यांना चालणार नाही मान्य, पण लाल चहाला, म्हणजे बिनदुधाच्या चहाला, काय हरकत होती? शेवटी शिलाँगला संध्याकाळी हाऊजी चालू असताना मी आणि आई सटकलो आणि पोलीस बाजारात गेलो. तिथे पुखलेन मिळालं, तांदळाचं पीठ आणि गुळाचं तळलेलं, आई एक घास खाऊन म्हणाली अगं हे तर अनारसेच, खसखस विसरलेत फक्त. मग तिला क्वाय खायची हौस आली, म्हणजे ओली सुपारी, पान आणि चुना. तिकडे पाहुण्याला आधी तेच देतात. आई रोज जेवल्यावर सुपारी खाणारी, तिला वाटलं त्यात काय एवढं, दोन मिनिटात कानाच्या पाळ्या लाल, कपाळावर घाम आणि त्या थंडीत स्वेटर काढून हातात. पण विकणारी मावशी जी हसली ना आमच्याकडे बघून, आख्ख्या टूरमध्ये एका खासी (तिथली स्थानिक जमात) माणसाशी आमचं जे काय बोलणं झालं ते तेवढंच. खासी लोकांत आईचं नाव चालतं आणि घर धाकट्या मुलीकडे जातं हे मी वाचलेलं होतं. टूरमध्ये कोणी अवाक्षर काढलं नाही, बसमध्ये गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या.

खरी तक्रार वेगळीच आहे. उजेड. आपल्या देशाचं घड्याळ एकच, पण सूर्य तिकडे आधी उगवतो नि आधीच मावळतो. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास मावळतो, तिकडे साडेचारला खेळ खलास, आणि सकाळी सहा-साडेसहाला लख्ख. आसामच्या चहाच्या मळ्यांत तर ब्रिटिशांच्या काळापासून घड्याळ एक तास पुढे ठेवतात, बागान टाइम म्हणतात त्याला. हे सगळं आम्हाला ड्रायव्हरने सांगितलं, टूरवाल्यांनी नाही. त्यांचं आपलं ७-८-९, म्हणजे सातला चहा, आठला नाश्ता, नऊला गाडी. राजस्थानला तेच, केरळला तेच, इथेही तेच. म्हणजे दिवसाचे चांगले तीन तास आम्ही पोहे खाण्यात घालवायचो.

सोहराला, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातल्या चेरापुंजीला, तर कहर केला. मॉसमाईची गुहा, जिच्यात आत लाईट लावलेले आहेत आणि बाहेर दिवस असो की रात्र काही फरक पडत नाही, ती भर दुपारी दाखवली. आणि नोहकालिकाई, ३४० मीटरचा धबधबा, तिथे पावणेपाचला पोचवलं! रेलिंगपाशी आम्ही तीस माणसं मोबाईलचे टॉर्च घेऊन दरीत बघतोय, त्या उजेडात काय दिसणार, समोरच्याचं मफलर. पोराला म्हटलं अरे उलटं का नाही केलं, तर म्हणे मॅडम शेड्यूल ऑफिसमधून फिक्स येतं. मग त्याला तरी काय बोलणार.

काझीरंगा छान झालं, कारण तिथे वेळ वनखात्याची. जीप आधीच बुक होत्या, रांग नाही काही नाही, बागोरीच्या बाजूने आत गेलो आणि गेंडे अगदी गाईगुरांसारखे चरत होते. २०२२ च्या मोजणीत २६१३ भरले, त्यातले सतरा आईने बोटांवर मोजले.

आणि डावकी. उमंगोट नदीचं पाणी थंडीत असं असतं की नावेची सावली खाली तळातल्या गोट्यांवर पडलेली दिसते, नाव नुसती लटकलीय असं वाटतं. पावसाळ्यात गढूळ असतं, तेव्हा फोटो बघून जुलैत बुकिंग करू नका. समोरच बांगलादेश, तिकडच्या काठावर त्यांची पिकनिकची गर्दी. आम्हाला सांगितलं होतं बरोबर तीनला गाडीत. पण तिथे अर्ध्या लोकांच्या मोबाईलने पलीकडचं नेटवर्क पकडलं आणि घड्याळं गुपचूप अर्धा तास पुढे गेली. अडीचलाच एक काकू ओरडल्या अगंबाई तीन वाजले, की सगळे धापा टाकत गाडीत, रुमालवाले काका सगळ्यात आधी. त्यामुळे रिवाईचा मुळांचा पूल आम्हाला चक्क उन्हात बघायला मिळाला. रबराच्या झाडाची जिवंत मुळं ओढ्यावरून पलीकडे वळवून वर्षानुवर्षं वाढवलेली, आई त्यांच्यावरून हात फिरवत उभी होती आणि पोरगा मागून कौतुकाने सांगत होता, काकू, आज आपण शेड्यूलच्या अर्धा तास पुढे आहोत.