सायक्लोफॉस्फमाइड: औषध गुणाचं, पण पाण्यात हयगय चालत नाही

अल्किलेटिंग म्हणजे डीएनएला रासायनिक गट जोडून कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या औषधांपैकी सायक्लोफॉस्फमाइडला अमेरिकेत १९५९ साली मान्यता मिळाली. स्तनाचा कर्करोग आणि लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) यांच्या उपचारांत ते आजही ठाण मांडून आहे, आणि ते योग्यच आहे.

कुपीतलं औषध निष्क्रिय असतं. यकृतात त्याचं रूपांतर होतं आणि शेवटी दोन पदार्थ सुटतात. कामाचा तो फॉस्फरमाइड मस्टर्ड. एका टोकाने तो डीएनएतल्या ग्वानीन या घटकाच्या सातव्या नायट्रोजनला चिकटतो, दुसऱ्या टोकाने समोरच्या धाग्यावरच्या ग्वानीनला. जखडलेले धागे उलगडत नाहीत; पेशी विभाजनाला निघते तिथेच अडते आणि मरते. भराभर विभागणाऱ्या निरोगी पेशीही यात सापडतात, म्हणून केस गळतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. मात्र रक्तपेशी जिथे बनतात त्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींकडे हे औषध निकामी करणारं अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम भरपूर असतं. मज्जा पुन्हा सावरते ती त्यामुळे. या औषधाची सगळ्यात मोठी जमेची बाजू मला हीच वाटते.

दुसरा पदार्थ अ‍ॅक्रोलीन. कर्करोगावर त्याचा उपयोग नाही. लघवीतून जाताना तो मूत्राशयाचं अस्तर जाळतो आणि लघवीतून रक्त येऊ लागतं. उपाय म्हणजे भरपूर पाणी आणि वरचेवर लघवी. मोठ्या डोसला मेस्ना हे संरक्षक औषध द्यावं लागतं, ते मूत्राशयातच अ‍ॅक्रोलीनला बांधून टाकतं. गोळ्या सकाळीच घ्यायच्या, म्हणजे रात्रभर अ‍ॅक्रोलीन मूत्राशयात साचून राहत नाही. गोळी तोडायची वा कुटायची नाही.

५०० मिलिग्रॅमची कुपी २५ मिलिलिटर नॉर्मल सलाइनमध्ये विरघळवली की मिलिलिटरला २० मिलिग्रॅम मिळतात. नुसत्या निर्जंतुक पाण्यात विरघळवलेलं औषध थेट शिरेत टोचू नये, ते रक्ताच्या मानाने फार पातळ असतं. आधी सलाइनमध्ये मिसळावं. डॉक्सोरुबिसिन या दुसऱ्या कर्करोगविरोधी औषधासोबतचा नेहमीचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ६०० मिलिग्रॅम, २१ दिवसांनी एकदा. पांढऱ्या पेशी साधारण ८ ते १४ दिवसांत तळ गाठतात. त्या काळात ताप ३८ अंशांवर गेला तर पॅरासिटामॉल घेऊन वाट बघू नका, तडक रुग्णालय गाठा.

उलट्यांवरची औषधं डोसच्या आधीच द्यायची. उलटी सुरू झाल्यावर तिला आवरणं फार कठीण जातं. अंडाशय आणि शुक्राणूंनाही धोका असतो, तेव्हा मूल हवं असेल तर बीज गोठवण्याचा विषय पहिल्या डोसआधी काढा. डॉक्टर विसरले तर तुम्ही विचारा.