मोशी की कल्याण? एरंडोलकडच्या माणसाचा हिशेब

चुलतभावाचा मुलगा डिप्लोमा करून दोन ऑफर घेऊन बसलाय. एक चाकणची, एक अंबरनाथची. म्हणजे राहायला एक तर पुण्याकडची मोशी, नाही तर मुंबईकडचं कल्याण. पगारात फरक दीड हजाराचा, तोही चाकणच्या बाजूने. "काका, तुम्ही दोन्हीकडे राहिलात, सांगा," म्हणतो. फोनवर सांगितलं ते त्याला पटलं की नाही कळलं नाही, म्हणून नीट लिहून काढतो. त्याच्यासारखे आणखी असतीलच.

आधी दोन गोष्टी बाजूला करू. नाशिकला धड नोकरी मिळत असेल तर पुढे वाचूच नका, बॅग भरा. आणि सुरत. आपल्या जळगाव-एरंडोलकडची कितीतरी घरं तिथल्या उधना-लिंबायतला दोन पिढ्यांपासून आहेत, धरणगावहून सरळ गाडी आहे. पण मी तिथे राहिलेलो नाही, त्यामुळे बोलत नाही.

मी 2016 पासून पाच वर्षं भोसरीत क्वालिटीला होतो आणि मोशीला भाड्याने राहत होतो. 2022 पासून कल्याण पश्चिमेला आहे, नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत.

राहायला मोशी चांगली, हे आधीच कबूल करतो. संध्याकाळी वारा सुटतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44 च्या वर असताना तिथे रात्री चादर लागायची. आळंदी, देहू हाकेवर. घरं मोठी, रस्ते रुंद, मुलांना खेळायला जागा. भोसरी-चिखलीकडे आपली माणसं इतकी की वरण-बट्टीचं जेवण कुणाकडे ना कुणाकडे असतंच. माझी बायको आजही पुण्याच्या बाजूने मत देते आणि तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. नळाला दिवसाआड पाणी यायचं, पण खान्देशातल्या माणसाला त्याचं काय! पाण्याच्या याहून लांबच्या पाळ्या आपण बघितल्यात. चाकण रस्त्यावरच्या ट्रॅफिकबद्दल मात्र आत्ताच मनाची तयारी ठेव. तळेगाव चौकात एकदा अडकलास की शिफ्टची वेळ विसर.

कल्याण दिसायला नाही आवडायचं. मलाही आवडलं नव्हतं. दमट हवा, अंगाला शर्ट चिकटलेला, स्टेशनबाहेर रिक्षांचा गुंता, पावसाळ्यात चपला वाळतच नाहीत. जुना पाडल्यावर रखडलेल्या पत्री पुलाची रड जुन्या लोकांकडून ऐका, मी आलो तोवर नवा पूल होऊन वर्ष झालं होतं. मोशीच्या भाड्यात इथे एक खोली कमी मिळाली. लोकलच्या गर्दीबद्दल सगळेच घाबरवतात. सीएसएमटीपर्यंतचे 54 किलोमीटर रोज करणाऱ्यांसाठी ती भीती खरीच आहे. डोंबिवलीचे लोक बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटे कल्याणला येतात, यावरून समजून घ्या. मला ती गर्दी लागत नाही, कारण अंबरनाथ उलट्या दिशेला. सकाळी मुंबईकडची गाडी माणसांनी फुगलेली आणि मी समोरच्या फलाटावरून बसून जातो. तुलना करताना माझी ही सोय वजा करूनच वाचा.

इथवरचं वजन पुण्याच्याच पारड्यात आहे. माझं पारडं फिरलं ते गावी जाण्यावरून.

पुण्याहून जळगावला गाड्या नाहीत असं नाही. पण झेलम, आझाद हिंद लांब पल्ल्याच्या, त्यांची आरक्षणं पुढच्या लोकांनीच भरलेली. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहूनच भरून येते. शिवाय मोशीहून पुणे स्टेशन गाठायचं म्हणजे तो अर्धा प्रवासच. म्हणून आपली मुलं काय करतात? रात्री भोसरीजवळच्या नाशिक फाट्याला पुलाखाली पिशव्या घेऊन खासगी बसची वाट बघतात. "पाच मिनिटांत येतेय" हे वाक्य मी तिथे तासतासभर ऐकलंय. दिवाळीत एकदा एरवीच्या तिप्पट भाडं दिलं आणि सीट मिळाली शेवटची, चाकावरची. तेही चाललं असतं. अडचण अशी की या बस रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान निघून जातात. ती वेळ चुकली की पुढची सोय दुसऱ्या रात्री. आणि माणसं काही बसचं वेळापत्रक बघून मरत नाहीत.

2021 च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला रात्री साडेअकराला फोन आला, मोठे काका गेले. सकाळी दहाला उचलणार. आम्ही तिघा भावांनी कशीबशी एक गाडी केली, निघायलाच दीड वाजला. कन्नडच्या घाटात दरड कोसळल्याला आठवडाही झाला नव्हता, घाट बंद. नांदगावकडून फिरून चाळीसगाव, भडगाव, एरंडोल. पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता, माती उरकून लोक अंघोळ करून ओट्यावर बसले होते. ज्यांनी मला खांद्यावर बसवून यात्रा दाखवली, त्यांना मला खांदा देता आला नाही. कुणी काही बोललं नाही. न बोलण्याचाच त्रास जास्त झाला.

कल्याणला हे होत नाही असं छातीठोक सांगत नाही, पण माझ्यावर अजून वेळ आलेली नाही. संध्याकाळपासून जळगावकडच्या गाड्या सुरू: विदर्भ, पंजाब मेल, अमरावती, हावडा मेल, मध्यरात्रीनंतर महानगरी. एक गेली तर दुसरी. आरक्षण नसेल तर जनरलच्या दारात बॅगेवर बसून जायचं, सहा तासांचा तर प्रश्न. पहाटे जळगाव, तिथून एरंडोलची एसटी, चहाच्या वेळेला घरात. गेल्या तीन वर्षांत दोनदा दारावर, म्हणजे कुणी गेल्यावर भेटायला, जायचं होतं, दोन्ही वेळा सकाळच्या आत पोचलो.

दुःखाचंच कशाला, आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या सणाचं घ्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी सकाळी विसर्जन. प्रसादाचे रोट भाऊबंदांनीच खायचे, ते डब्यात भरून पुण्याला पाठवता येत नाहीत. मोशीहून पाच वर्षांत मी दोनदा गेलो. आई म्हणायची, "तू ते पाव्हनासारखा येस." आता शनिवारी कामावरून सुटून परस्पर गाडी धरतो आणि मंगळवारी पहिल्या पाळीला मशीनपाशी असतो. आईचं ते वाक्य बंद झालंय. हल्ली ती सामानाची यादी सांगते.

तर बाळा, शिकायला मोठा प्लांट हवा असेल आणि चार-पाच वर्षांत पुढे उडी मारायची असेल, तर चाकण वाईट नाही. कॉम्प्युटरवाल्यांना तर पुण्याशिवाय गत्यंतर नाही. पण दीड हजाराच्या फरकासाठी जात असशील तर दिवाळी, आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लगीनसराईचं बसभाडं आधी मांडून बघ.

कल्याणला आलास तर बदलापूर-टिटवाळ्याच्या स्वस्त जाहिराती सध्या बघू नकोस. पहिली खोली स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांच्या आत घे, लहान असली तरी चालेल. रात्री दोन वाजता रिक्षावाला किती मागेल याचा नेम नसतो. येत्या रविवारी गावचा एक मुलगा गाडीने मुंबईला चाललाय, आईने त्याच्याकडे कळण्याचं पीठ आणि भरताची वांगी दिलीत. गाडी कल्याणला तीनेक मिनिटं थांबते, तेवढ्यात दारातून पिशवी घ्यायची. तू त्याच गाडीने ये, म्हणजे पिशवी तूच उतरवून घेशील.