डॉगरेल : एकच ओळ किती वेळा म्हणायची

फाँटेन्स डी.सी. या डब्लिनच्या बँडचा कुठला अल्बम सरस, असं चाहत्यांना विचारलं की लगेच तट पडतात. जुनी मंडळी २०१९च्या 'डॉगरेल'वरून हलायला तयार नसतात. काहींना २०२०चा 'अ हिरोज डेथ' त्याच्या आत वळलेल्या, उदास सुरामुळे जवळचा वाटतो. २०२२च्या 'स्किंटी फिया'चे चाहते त्यातल्या आयरिशपणासाठी भांडतात, आणि २०२४च्या 'रोमान्स'पासून आलेल्या मोठ्या गर्दीला आधीचं सगळं जरा रूक्षच वाटतं. यात नव्याने ऐकणाऱ्याची पंचाईत होते. माझं मत विचाराल तर सुरुवात 'डॉगरेल'पासूनच करावी. तो सगळ्यांत पक्का आहे म्हणून नव्हे, तो मान 'स्किंटी फिया'चा. पण हा बँड चालतो कसा, हे 'डॉगरेल'मध्ये उघड्यावर दिसतं. पुढे त्याच यंत्रावर एकेक कापड चढत गेलं.

१२ एप्रिल २०१९ला पार्टिझन रेकॉर्ड्सने काढलेला हा पहिला अल्बम. अकरा गाणी, सुमारे ४० मिनिटं. निर्माता डॅन कॅरी. ब्लॅक मिडी या लंडनच्या बँडचा पहिला अल्बमही त्याच वर्षी त्यानेच केला. दक्षिण लंडनमधल्या त्याच्या स्टुडिओत बँडच्या पाचही जणांनी एकत्र वाजवून 'डॉगरेल' थेट टेपवर घेतला. रफ ट्रेड ही रेकॉर्डची दुकानं आणि बीबीसी रेडिओ ६ म्युझिक या दोघांनीही त्याला वर्षाचा अल्बम ठरवलं, ब्रिटनमधल्या मर्क्युरी पुरस्काराच्या नामांकनातही तो होता.

डॉगरेल म्हणजे टला ट आणि रीला री लावून केलेली ओबडधोबड कविता. विद्वानांनी नाक मुरडावं आणि दारूच्या गुत्त्यात लोकांनी तोंडपाठ म्हणावी, अशी. नाव मुद्दाम घेतलेलं आहे. ही मुलं एकत्र आली ती संगीताच्या कॉलेजात, पण जुळली कवितेवरून. त्यांनी स्वतःच्या कवितांची दोन छोटी पुस्तकंही स्वतःच छापली होती, एक अमेरिकन बीट कवींच्या वाटेने जाणारं आणि एक आयरिश कवींच्या. हे ठाऊक असलं की गाण्यांतले बरेच धागे सुटतात. 'टू रिअल'मधली हिवाळ्याची संध्याकाळ आणि सहाची वेळ सरळ टी. एस. एलियटच्या 'प्रिल्यूड्स' या कवितेतून उचललेली आहे. उचललेली ओळ लपवायचा प्रयत्नही नाही. भिंतीवर दुसऱ्याचं चित्र लावावं तशी ती लावली आहे.

आता मूळ मुद्दा, म्हणजे पालुपद. गायक ग्रिअन चॅटन एक ओळ धरतो आणि सोडत नाही. 'हरिकेन लाफ्टर' जवळपास पाच मिनिटांचं आहे, आणि त्यातली संपर्क होत नसल्याची ओळ एवढ्यांदा येते की पहिल्यांदा ऐकणारा वैतागतो. तक्रार नेहमीची आहे: "हा तेच तेच म्हणतो." म्हणतोच. पण त्या वेळी खाली काय चाललंय तिकडे कान द्यायचा. बास गिटार एकच तुकडा फिरवत राहतो, ड्रम त्याला घट्ट बांधून ठेवतात, आणि बदलतात त्या फक्त गिटारी. आधी तुटक, मग भरीव, मग नुसता कल्लोळ. ओळ तीच राहते आणि तिच्या पायाखालची जमीन सरकते. सुरुवातीला ती टेलिफोनवरची यांत्रिक सूचना वाटते, शेवटाकडे त्याच शब्दांत माणूस घाबरलेला ऐकू येतो. चॅटन आवाज फारसा चढवत नाही, ते काम गिटारी करतात. ही युक्ती मँचेस्टरच्या द फॉल या जुन्या बँडकडून आलेली, आणि डब्लिनच्याच गिला बँडने, जो आधी गर्ल बँड म्हणून ओळखला जायचा, ती जास्त टोकाला नेली होती. फाँटेन्सने तिला सोबत म्हणता येईल असं केलं. फरक तिथेच आहे.

'बिग' हे पहिलंच गाणं १ मिनिट ४५ सेकंदांत संपतं. मोठं होणार, मोठं होणार, असं बजावणारा पोरगा आणि त्याच्यामागे पावसातलं कॅथलिक शहर. अल्बमचं सगळं म्हणणं तेवढ्यात येऊन जातं. 'चेकलेस रेकलेस'मध्ये तर गाण्याऐवजी व्याख्याच आहेत: विकला गेलेला कोण, मूर्ख कोण, ढोंगी कोण. कागदावर हे शाळकरी वाटेल. तालावर ते शाहिराने सवाल टाकावेत तसं लागतं.

वादनात सामान मोजकंच आहे. दोन गिटारी, बास, ड्रम, आवाज. कॉनर डीगनचा बास इथे सुरावट वाहतो, मागे बसून टेकू देत नाही. 'द लॉट्स' ऐका, बास काढून टाकला तर त्या गाण्यात धुकं तेवढं उरेल. कार्लोस ओ'कॉनेल आणि कॉनर कर्ली या दोन गिटारवाल्यांत साधारण एक जण भुंग्यासारखा एकच सूर गुंजत ठेवतो आणि दुसरा त्यावर तुटक घाव घालतो. सोलो म्हणावा असा प्रकार जवळपास नाहीच. टॉम कॉल ड्रमवर सजावट करत नाही, म्हणून तो जेव्हा टॉम-टॉम या खोल आवाजाच्या ड्रमवर उतरतो तेव्हा लगेच कळतं.

ही गाणी बसवायला घेणारे हौशी बँड बहुतेक एकाच ठिकाणी फसतात: गिटारला खूप डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटका करणारा परिणाम, लावतात. रेकॉर्डवरचा राग डिस्टॉर्शनमधून नव्हे, उजव्या हाताच्या वेगातून येतो. अँप नुकताच फाटायला लागेल एवढाच गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) ठेवायचा, वर थोडा रिव्हर्ब (घुमारा). गेन वाढवला की तारा वेगळ्या ऐकू येत नाहीत, दोन्ही गिटारी एकमेकींत मिसळून चिखल होतो, आणि त्यात बासची सुरावट बुडते. दुसरी चूक गायकाची. ओरडून म्हटलं की संपलं. ही वाक्यं बोलण्याच्या पट्टीत म्हणायची आहेत, शब्द तालाच्या किंचित मागे टाकत.

चॅटनच्या उच्चारांवर चाहत्यांत आणि टीकाकारांत सारखीच खडाजंगी होते. इंग्रजी गाणारा माणूस बहुधा अमेरिकन वळणावर जातो, हा जात नाही. 'र' पूर्ण उच्चारतो, आणि इंग्रजांचा जिभेतून वारा सोडणारा 'थ' त्याच्याकडे 'त'-'ट'च्या जवळ येतो. मराठी कानाला हे उलट सोपं जातं, कारण आपलाही 'र' ठाम असतो आणि आपणही इंग्रजी 'द' दातांवरच म्हणतो. हे सोंग आहे असा आक्षेप घेणारे एक गोष्ट पुढे करतात, आणि ती खरी आहे: नावात डब्लिन सिटी मिरवणाऱ्या या बँडमधलं कुणीच अस्सल डब्लिन शहरात वाढलेलं नाही. चॅटन काउंटी डब्लिनच्या उत्तरेला समुद्रकाठच्या स्केरीझचा, डीगन आणि कॉल पश्चिमेकडच्या मेयोतले, कर्ली मॉनहनचा, ओ'कॉनेल तर माद्रिदचा. मला हा आक्षेप अल्बमच्या बाजूचाच वाटतो. शहर एवढं टक लावून बघतो तो बाहेरून आलेला. जन्मापासून तिथे असलेल्याला गल्लीचं नाव गाण्यात घालावंसं वाटेलच असं नाही. इथे 'द लॉट्स' हे लिफी नदीच्या उत्तरेकडच्या एका अरुंद गल्लीचं नाव आहे, आणि 'लिबर्टी बेल'मध्ये द लिबर्टीझ या जुन्या कामकरी वस्तीवर कोटी आहे. त्यांचं संगीताचं कॉलेज त्याच वस्तीत होतं. 'बॉइज इन द बेटर लँड'मधला ब्रिटिशांना शिव्या घालणारा टॅक्सीवाला फक्त कॅरल्स ओढतो. कॅरल्स ही आयरिश सिगारेट आहे हे माहीत नसेल तर त्या ओळीतली निम्मी गंमत जाते. देशाभिमान सिगारेटच्या पाकिटापर्यंत पोचलेला माणूस, आणि त्याच्या गाडीत बसलेली मुलं मात्र देश सोडायच्या गोष्टी करतायत. अल्बममधलं हे सगळ्यांत चांगलं गाणं, यावर तरी चारही तटांचं बऱ्यापैकी एकमत होतं.

उणिवा आहेत आणि त्या झाकायचं कारण नाही. 'शा शा शा' मला आजही भरतीचं वाटतं, पालुपद आहे पण खाली काही सरकत नाही, त्यामुळे पुनरुक्ती नुसती पुनरुक्ती राहते. 'टेलिव्हिजन स्क्रीन्स'मध्ये शब्द धूसर होतात, आणि नेमकेपणावर चालणाऱ्या या बँडला धूसरपणा मानवत नाही. चॅटनच्या आवाजाचा पल्ला इथे लहान आहे. सलग पाच गाणी त्याच पट्टीत आल्यावर कान थकतो, आणि म्हणूनच सहावं 'रॉइज ट्यून' अगदी वेळेवर येतं. संथ, स्वच्छ गिटारचं, कामाच्या रहाटगाडग्याने दमलेल्या माणसाचं गाणं. हा अल्बम गाणी उलटसुलट लावून ऐकू नये, त्याचं कारण हेच.

ऐकण्याच्या सोयीबद्दल थोडं. फोनच्या स्पीकरवर हा अल्बम अर्धाच ऐकू येतो. बासच्या जाड तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो, आणि ते छोटे स्पीकर त्याच्या खूप वरूनच सुरू होतात. मग उरते ती किणकिण आणि बडबड, आणि "कर्कश आहे" हा शेरा. साधे तारेचे हेडफोनही पुरतात. मात्र बास वाढवणारी सेटिंग बंद ठेवा, चॅटनचा आवाज खालच्या पट्टीतला असल्यामुळे तो त्या फुगवट्याखाली दबतो. ॲपमधलं क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी सेटिंग, शून्यावर आणा. 'बिग' जिथे खटकन थांबतं, तिथे पुढचं गाणं मिसळलं तर त्या तुटण्याची मजाच जाते.

एलपी (विनाइल तबकडी) घेणार असाल तर ४० मिनिटं म्हणजे एका बाजूला साधारण २० मिनिटं, मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगाला हे सुखाचं माप आहे, खोबणीत आवाज पुरेसा मोठा कापता येतो. अडचण येते ती शेवटी. तबकडीच्या आतल्या वर्तुळांत सुईखालून खोबणी कमी वेगाने सरकते, त्यामुळे 'स' आणि 'श' फाटायला लागतात. नेमकं तिथेच 'डब्लिन सिटी स्काय' आहे, अल्बममधलं सगळ्यांत उघडं, द पोग्ज या बँडच्या वळणाचं, जुन्या आयरिश बॅलडसारखं गाणं. मागे गोंगाट नसल्यामुळे जरासा फाटलेला 'स'ही टोचतो. प्रत खराब आहे असं समजून परत करण्याआधी सुईची बैठक आणि दाब तपासा. बऱ्याचदा दोष तिथे सापडतो.

'डॉगरेल' अंगवळणी पडल्यावर थेट 'रोमान्स'वर उडी मारू नये. तिथे रेकॉर्ड कंपनी एक्सएल, निर्माता जेम्स फोर्ड, तंतुवाद्यांचे थर, मोठ्या मैदानाला पुरेल असा आवाज. अल्बम चांगला आहे, पण पालुपदाचं यंत्र त्यात खोल पुरलेलं आहे. आधी 'स्किंटी फिया' घ्या, एप्रिल २०२२चा, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला. तोही कॅरीनेच केलेला. बँड तोवर लंडनला गेला होता. त्याचं पहिलंच गाणं आहे 'इन आर ग्रीहे गो जो', आयरिश भाषेत म्हणजे 'आमच्या हृदयात, कायमचं'. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीजवळ एका आयरिश कुटुंबाला आईच्या थडग्यावर हे शब्द कोरायचे होते. सोबत इंग्रजी भाषांतर नसेल तर वाक्य राजकीय घोषणा समजलं जाईल, म्हणून चर्चच्या न्यायालयाने २०२०मध्ये भाषांतराशिवाय परवानगी नाकारली. २०२१मध्ये अपिलात ती मिळाली. गाण्यात हीच ओळ पालुपद होऊन पहिल्या सेकंदापासून मागच्या आवाजांत फिरत राहते, सहा मिनिटांच्या आसपास, भाषांतराशिवाय. 'डॉगरेल'ने कान तयार झालेला असला की ही पुनरुक्ती कशासाठी आहे, हे कुणी सांगायची गरज पडत नाही.